शेठचा मीटर आणि सुभद्राबाईची मापं

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यात छबीलशेठच्या रंगाईच्या मिलमागे कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती. तिथे कुणाच्या घरी नवं घड्याळ, नवा रेडिओ, फार काय नवं कुलूप आलं, तरी घरची बाई ते आधी पदराखाली लपवायची आणि मग इकडेतिकडे सुकदेव दिसतो का ते बघायची. सुकदेवला बंद वस्तू बघवत नसे. त्याच्या मनात चोरी नसायची, मोडतोड नसायची. "आत काय शे एवढं देखस आन लायी देस," असं म्हणून तो मांडी घालून बसायचा आणि लावूनही द्यायचा. वस्तू चालायची सुद्धा. फक्त एखादा स्क्रू उरायचा, आणि तो कंपनीनं जास्तीचाच घातला होता असं तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

मूळचा तो शिरपूरकडचा. साठ-बासष्टच्या सुमारास मामाचं बोट धरून सुरतेला आला आणि बमरोलीत यंत्रमागावर कांड्या भरायला लागला. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे बघून त्याची झोप उडाली. मागाला कळतं कसं? हे शोधायला त्यानं एक चालता माग उघडला आणि मालकानं त्याला दारच उघडून दिलं. दुसऱ्या मालकाकडे बंद पडलेली मोटर उघडली, ती चालू झाली, आणि तिथे त्याला लोक वायरमन म्हणायला लागले. पुढे परवान्याची तोंडी परीक्षा द्यायला गेला, तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा टेस्टर त्यानं बोलता बोलता उघडून ठेवला. त्या वर्षी तो नापास झाला. पुढल्या वर्षी साहेबांनी टेस्टर खिशातच ठेवला, हा पास झाला आणि छबीलशेठच्या मिलमध्ये वायरमन म्हणून लागला.

सुभद्राबाई त्याची बायको. हे सगळं उघडणं-लावणं तिनं लग्नापासून सोसलं होतं, आणि त्याच्यावर बोलायची एकही संधी तिनं सोडली नव्हती. नवरा तिला "शकूनी माय" म्हणायचा आणि ती त्याला "शकूना बाप", कारण नाव घ्यायचं नाही आणि शकू ही एकुलती एक लेक दोघांच्याही हक्काची. सुभद्राबाईचं एकच दुखणं होतं. चुलीचा धूर तिला बाधायचा. स्वयंपाक झाला की ती उंबऱ्यावर येऊन बसायची आणि श्वास ओढायची. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की बाई, धूर बंद करा, नाहीतर छाती कायमची जाईल. रॉकेलची तेव्हा मारामार होती. मग सुकदेवनं मातीच्या तव्यात कॉइल बसवली, खाली पत्र्याचं ताट ठोकलं आणि तिला विजेची शेगडी करून दिली. महिन्याभरात ती रात्रीची सलग झोपायला लागली.

आता एका घरी शेगडी आली म्हटल्यावर शेजारीण गप्प बसते होय? लागूनच्या खोलीतल्या धुरपदाबाईंनी मागितली, मग पलीकडच्यांनी. बघता बघता सगळ्या ओळीत कॉइली लाल व्हायला लागल्या. शेठनी खोल्यांना वीज फुकट दिली होती खरी, पण ती एकेका दिव्यापुरती. संध्याकाळी सगळ्या शेगड्या एकदम लागल्या की खोल्यांचा फ्यूज उडायचा. तो रोज बांधायचा कंटाळा आला म्हणून सुकदेवनं त्यात एक चांगली जाडजूड तार बांधून टाकली. मग फ्यूज उडेना, पण ऑफिसातला पंखा सायंकाळी रेंगाळायला लागला, आणि छबीलशेठ वाऱ्याच्या बाबतीत फार हळवे होते.

अठ्ठ्याहत्तर साली शेठच्या भाच्यानं परदेशातून एक मीटर पाठवला. हातात मावेल एवढा, आणि त्याला काटा नव्हता. काचेत सरळ आकडेच उमटायचे. सोबत तारेला धरायचा एक चिमटा होता. तार चिमट्यात धरली की तिच्यातून किती वीज वाहते ते काचेत दिसायचं. शेठ एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्या मिलला जमवून तो दाखवला, आणि मग हुकूम सोडला. हा मीटर खोल्यांच्या लाइनवर काचेच्या पेटीत कुलपात बसवायचा. ते स्वतः येऊन केव्हाही बघतील. आकडा चाळीसच्या वर दिसला, तर त्याच दिवशी खोल्यांची लाइन कापायची आणि वायरमननं आपली खोली रिकामी करायची. बसवायचं काम अर्थातच वायरमनचं.

सुकदेवला खोलीची काळजी होतीच, पण खरी भीती त्या उंबऱ्यावरच्या श्वासाची होती. तो आवाज त्याला पुन्हा ऐकायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर या भीतीत सुद्धा त्याची नजर मीटरच्या कडेला असलेल्या एका बारीक खाचेवर खिळली होती. खाचेत सोन्याच्या रंगाच्या सुया ओळीनं उभ्या होत्या. सोबतच्या पुस्तकात चित्र होतं, की ही खाच आकडे छापणाऱ्या यंत्राला जोडायची. शेठकडे असलं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी खाचेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सुकदेवच्या मनात मात्र आलं, की आकडा जर या खाचेतून बाहेर येत असेल, तर तो शेठला दिसायच्या आधी आपल्यालाही दिसू शकतो.

पण मीटर उघडायचा कसा? तो तर शेठच्या कपाटात. सुकदेवला खंडेनवमी आठवली. आपल्याकडे नवमीला हत्यारं धुऊनपुसून पूजतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत, हे त्यानं शेठना समजावलं. पक्कड, टेस्टर, हातोडी यांची पूजा त्याच्या घरी व्हायची. हा मीटर त्यांचा धाकटा भाऊ. त्याला एकट्याला कपाटात ठेवला तर देवीला काय वाटेल?

"आ मीटर छे, मूर्ती नथी," शेठ म्हणाले. पण देवीचं नाव निघालं होतं, मिलबाहेर गरब्याचे मांडव पडले होते, आणि शेठ भाविक होते. मीटर रेशमी रुमालात बांधून सुकदेवच्या हाती आला.

नवमीच्या सकाळी त्यानं पक्कड-हातोडीच्या रांगेत मीटर मांडला, फूल वाहिलं, नारळ फोडला आणि हळदीकुंकवाची बोटं पुसायच्या आतच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. हत्यार आज वापरायचं नसतं, असं सुभद्राबाईंनी त्याला सुनावलं. त्यावर त्याचं म्हणणं असं की उघडणं म्हणजे वापरणं नव्हे, ही पूजेआधीची साफसफाई, जरा उशिरानं चाललेली. त्यांनी कपाळावर हात मारला आणि शेंगदाणे निवडायला घेतले.

आत एक काळा चौकोन होता, दोन्ही बाजूंनी पाय फुटलेला, आणि त्याच्या पायांपासून खाचेतल्या सुयांपर्यंत तांब्याच्या बारीक पायवाटा गेलेल्या. सुकदेवनं आपला जुना काट्याचा मीटर काढला आणि एकेक वाट तपासत गेला. पहिल्या आकड्यासाठी चार सुया आहेत, एवढं त्याला कळलं. आता आकडा बदलला की कुठली सुई जिवंत होते ते बघायचं होतं. त्यासाठी त्यानं ओळीतल्या झाडून सगळ्या बॅटऱ्यांतले सेल गोळा करून आणले. नवे सेल एकापुढे एक लावले की काचेत आकडा चढायचा, आणि अधलेमधले आकडे हवे असले की जुने, मरायला टेकलेले सेल उपयोगी पडायचे. धुरपदाबाईंच्या बॅटरीतले सेल इतके म्हातारे होते की त्या दिवशी त्यांनाच सगळ्यात जास्त मान मिळाला.

लिहून ठेवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यानं थाळीत चार जागा धरल्या. सुई जिवंत, म्हणजे काटा हलला, की त्या जागी एक शेंगदाणा ठेवायचा. एकला पहिल्या जागी दाणा पडला. दोनला दुसऱ्या जागी. तीनला दोन्ही जागी. इथवर बरं चाललं होतं. चारला एकदम तिसऱ्या जागी एकच दाणा. सातला तीन दाणे, आणि आठला पुन्हा एकच, चौथ्या जागी. मोठ्या आकड्याला एक दाणा आणि लहान आकड्याला तीन, हा काय न्याय झाला? सुकदेवनं पुन्हा सेल लावले, पुन्हा तेच. दुपार कलली तरी त्याचं डोकं चालेना. शेवटी त्यानं जाहीर केलं की नारळाचं पाणी आत गेलं आणि मीटर बिघडला, आता शेठ आपल्याला उभं सोलणार.

सुभद्राबाईंना थाळी हवी होती. दाणे उचलायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"शकूना बाप, हाई तं आपलं चिपटं-मापटं शे," त्या म्हणाल्या.

त्यांनी चारही जागांवर बोट ठेवून दाखवलं. हे चिपटं. दोन चिपट्यांचं एक मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली. माहेरी खळ्यावर धान्य मोजताना त्यांचा हात याच मापांत बसला होता. सात चिपटी धान्य द्यायचं असेल तर शेर, मापटं, चिपटं, तिन्ही भरावी लागतात. आठ असेल तर एक अधोली ओतली की झालं. यात बिघडायचं काय? सुकदेवनं चार दाणे उचलून बायकोच्या हातावर ठेवले. त्याच्या बाजूनं हा मोठाच सत्कार होता, पण दाणे तिनेच निवडलेले असल्यामुळे तिला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही.

दसरा झाला आणि मीटर पेटीत बसला. सेल संपू नयेत म्हणून त्याला विजेवर चालवणारा एलिमिनेटर लावायचा होता, तेव्हा त्या तारेबरोबर आणखी काही बारीक तारा भिंतीतून निघून गेल्या, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पेटीमागे जुन्या रेडिओतले ट्रान्झिस्टर बसले, आणि सुभद्राबाईंच्या देवळीत देवीपुढे बॅटरीचे चार बल्ब ओळीनं आले. दहाच्या घराच्याही तशाच चार सुया होत्या, त्यांचा आकडा तिथे उजळायचा. चिपटं लागलं तर दहाच्या वर. मापटं लागलं तर विसाच्या वर. दोन्ही लागली तर तीस. आणि शेर लागला, म्हणजे चाळीस.

मग ओळीत नवी शिस्त आली. अर्ध्या घरांनी आधी रांधायचं, अर्ध्यांनी मागून. कुणाच्या घाईत एखादी शेगडी जास्त लागली आणि देवळीत शेर उजळला, की सुभद्राबाई दारात येऊन हाक घालायच्या, "शेर भराई ग्या वं बायासहोन," आणि पटापट शेगड्या विझायच्या. छबीलशेठ वेळी-अवेळी येऊन पेटीत डोकावत. कधी पस्तीस दिसायचे, कधी अडतीस. चाळीस काही दिसेना. एकदा तर ते भर संध्याकाळी येऊन पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी सुभद्राबाईंनी चिपटं-मापटं लागताच हाक घातली. शेठनी ती ऐकली आणि या बायका बिचाऱ्या संध्याकाळी सुद्धा धान्यच मोजत असतात, असं ऑफिसात कौतुकानं सांगितलं. घरी जाताना ते देवळीपुढे हात जोडूनही गेले. सुकदेवला त्या दिवशी हसू आवरत नव्हतं म्हणून तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला.

असा हिवाळा गेला, होळी गेली. सुकदेवला वाटलं, आता आपल्याला कोण धरतो. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला खानदेशी माणूस कुठेही असो, घरात पितरांची घागर भरतो. पुरणपोळी, आमरस, कुरडया होतात. भर दुपारी विस्तवावर तूप आणि घास वाहून पितरांना आगारी टाकतात आणि मगच घरचे जेवतात. सगळ्या गोष्टींना पाळी लावता येते, पण पितर सगळ्यांचे एकाच वेळी येतात. आधीच्या पाळीचे पितर जेवले आणि मागच्या पाळीचे दारात ताटकळले, असं कुठली बाई होऊ देईल? त्या दिवशी एकूण एक शेगडी लागली. देवळीत शेर केव्हाच उजळला होता. सुभद्राबाईंनी तो पाहिला, आणि स्वतःच्या तव्यावरची पोळी उलटली.

तरीही निभावलं असतं. शेठ त्या वेळी पेटीजवळ नव्हतेच. त्याच तिथीचा, गुजराती अखात्रीजेचा मुहूर्त साधून मिलमध्ये नवं यंत्र बसलं होतं, पाहुणे आले होते, भटजी मंत्र म्हणत होते आणि शेठ बटणावर बोट ठेवून उभे होते. इकडे धुरपदाबाईंची पानं वाढून झाली. आगारीला विस्तव हवा. विस्तव कुठला, चूल तर कधीची मोडीत निघालेली. पण समोर कॉइल लालभडक होतीच. धुरपदाबाईंनी मनोभावे तिच्यावर पुरणाचा घास ठेवला, तूप सोडलं आणि रीत आहे तसं चूळभर पाणी सभोवती फिरवून वर शिंपडलं.

भडका उडाला, पत्र्याचं ताट ठणकन वाजलं आणि धुरपदाबाई दोन हात मागे जाऊन बसल्या. त्यांना काही झालं नाही. खोल्यांचा फ्यूज तेव्हा उडायला हवा होता, पण त्यात सुकदेवची जाडजूड तार होती. ती ढिम्म राहिली आणि मिलचा मुख्य फ्यूज उडाला. तिकडे शेठनी बटण दाबलं आणि सगळी मिल अंधारली. भटजी मंत्र थांबवून म्हणाले, की आजच्या दिवशी असं होणं म्हणजे कुणाचे तरी पितर नाराज आहेत.

सुकदेवनं धावत जाऊन खोल्यांची लाइन तात्पुरती सोडवली, मुख्य फ्यूज बांधला, आणि यंत्राचा मुहूर्त कसाबसा पार पडला. पण छबीलशेठ धंद्याचा माणूस. त्यांनी ती जाड तार हातात घेऊन पाहिली, तुपाच्या वासामागे चालत ते ओळीत आले, पेटीमागच्या बारीक तारा धरून थेट देवळीपर्यंत पोचले, आणि ज्या देवीच्या दिव्यांना त्यांनी हात जोडले होते त्यांच्यासमोर येऊन थांबले. सुकदेवनं सगळं सांगून टाकलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

शेठ ओरडले नाहीत. खोल्यांची लाइन आज, आत्ता, त्यानं स्वतःच्या हातानं कापायची आणि खोली सोडायची, एवढंच ते म्हणाले. सुकदेवनं खिशातून पक्कड काढली. त्याला बायकोकडे बघवेना.

सुभद्राबाई मात्र पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी पाट मांडला.

"लाइन मंग कापज्यात. आज आखाजी शे शेठ. दारवर उना तो आमना पितर. जेवाना शिवाय जावानं नही."

शेठ दचकले. भटजींचे शब्द ताजे होते. पितर म्हणून मांडलेलं पान नाकारून आणखी एक अपशकुन कोण घेईल? कांदा-लसूण काही नाही, तूप घरचं, असं सुभद्राबाईंनी वर सांगितलं. शेठ पाटावर बसले आणि पंगतीला यजमान हवा म्हणून सुकदेवलाही बसावं लागलं.

पोळ्या अजून व्हायच्या होत्या आणि वीज तर नव्हती. सुभद्राबाईंनी कोपऱ्यातली जुनी चूल ओढली. सुकी लाकडं माळ्यावर होती. त्यांनी नळाखालची बाभळीची ओली लाकडं घेतली. पितरांच्या ताटावर कावळा झडप घालील म्हणून खिडकी लावली आणि दारही लोटून घेतलं.

पहिली पोळी ताटात पडेपर्यंत शेठना समोरचा सुकदेव दिसेनासा झाला. दुसऱ्या पोळीला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी खिडकी उघडायला सांगितली. उघडते हं, एवढी पोळी होऊ द्या, असं सुभद्राबाई इतक्या प्रेमानं म्हणाल्या की शेठ उपरण्यात तोंड खुपसून खोकत राहिले.

सुकदेवला आधी मजा वाटली. बायकोचा डाव त्याला ओल्या लाकडांपाशीच कळला होता. मग हळूहळू त्याचं हसू ओसरलं. इतक्या वर्षांत चूल पेटलेली असताना तो कधी या खोलीत बसला नव्हता. तो कामावरून यायचा तोवर धूर गेलेला असायचा आणि ताट समोर यायचं. आज तो बघत होता. ती डोळे मिटूनच पोळी उलटत होती. फुंकायला वाकण्याआधी श्वास धरून ठेवत होती, आणि वर आली की हाताच्या मुठीनं छाती दाबत होती. हे शेठसाठी केलेलं सोंग नव्हतं, ही जुनी सवय होती. उंबऱ्यावरचा तो श्वास कुठून येत होता, हे त्याला आत्ता कळलं, आणि फार लाज वाटली.

"सुकदेव," शेठ कसेबसे म्हणाले, "आवो धुमाडो, रोज?"

"शेगडी नव्हती तोवर रोज, शेठ."

"आन उद्यापाशी फिरी रोज," सुभद्राबाईंनी तिसरी पोळी वाढली.

शेठनी ती तिसरी पोळी संपवली. पितराचं पान टाकायचं नसतं. मग ते उठून बाहेर गेले आणि लाइनच्या खांबाला हात टेकून डोळे पुसत उभे राहिले. सुकदेव पक्कड घेऊन त्यांच्या मागे गेला आणि कुठून कापू म्हणून त्यानं विचारलं.

शेठनी त्याला पक्कड खिशात ठेवायला सांगितलं. फ्यूजमध्ये रीतसर बारीक तार बांधायची. शेराच्या वर जायचं नाही. कॉइलवर पितर जेवू घालायचे नाहीत, त्यासाठी मिलच्या भट्टीतला विस्तव मिळेल. एवढं सांगून ते निघाले आणि चार पावलांवर पुन्हा थांबले. तसले चार दिवे ऑफिसातही लावून दे, म्हणाले, रोज उन्हातून पेटीपर्यंत यायचा त्यांना कंटाळा आला होता. मग बोटांवर मोजत त्यांनी विचारलं, अधोली म्हणजे आठच ना?

सुकदेव घरात आला तेव्हा सुभद्राबाईंनी खिडकी सताड उघडली होती. हसू आणि खोकला एकदम आल्यामुळे त्यांना धड बोलता येत नव्हतं. परातीत अजून बरीच कणीक शिल्लक होती. त्यांनी चुलीकडे हात नेला, तेवढ्यात सुकदेवनं त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि उंबऱ्याबाहेर वाऱ्यावर नेऊन बसवलं. मग तो स्वतः त्या धुरापुढे बसला. त्याच्या पोळ्या फाटत होत्या, पुरण तव्यावर सांडत होतं, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. बाहेर तिचा श्वास हळूहळू मोकळा होत होता. तो ऐकत त्यानं शेवटची पोळी लाटली.